गेटवर अडवतात आणि पत्रात लिहितात "तुम्हीच येत नाही". युनियन नाही, एकटीने काय करायचं?

स्टोअरवाली | २४ जून २०२३

नमस्कार. इथे मी नुसती वाचत असते, लिहायची वेळ आज पहिल्यांदा आली. लांबलं तर सांभाळून घ्या.

एमआयडीसीतल्या एका पॅकेजिंगच्या कारखान्यात मी स्टोअरला आहे. आहे की होते, तेच आता कळत नाही. फेब्रुवारी २०१२ पासून. आलेला माल मोजून घ्यायचा, जीआरएन (माल मिळाल्याची पावती) करायचा, बिन कार्ड (प्रत्येक वस्तूची आवक-जावक लिहायचं कार्ड) लिहायचं, स्लिप बघून माल द्यायचा. हाताखाली कोणी नाही, उचलाउचलीची माणसंसुद्धा ठेकेदाराची. पण तीन वर्षांपूर्वी पगारवाढीच्या पत्रात नावापुढे 'स्टोअर सुपरवायझर' असं छापून आलं. तेव्हा बरं वाटलं होतं. पगार १७,४००, त्यात बेसिक आणि डीए मिळून १३,०००.

मे महिन्यात पीएफचं पासबुक उघडलं तर तीन महिन्यांचे पैसे जमाच नाहीत. पगारातून मात्र कापलेले. आधी तोंडी विचारलं, मग ५ जूनला अर्ज दिला आणि माझ्या प्रतीवर आवक शिक्का मारून घेतला (सवय आहे, कागदाशिवाय मी नटबोल्टही आत घेत नाही). १२ जूनला सोमवारी सकाळी गेटवर वॉचमन म्हणाला, "ताई, तुम्हाला आत सोडू नका असं वरून आलंय." बिचाऱ्याची मान खाली. अर्धा तास उभी राहिले. एचआरचे साहेब बाहेर आलेच नाहीत. फोनवर म्हणाले, "आठवडाभर घरी थांबा, कळवतो." मी थांबले.

परवा स्पीड पोस्टाने पत्र आलं, तारीख १७ जून. त्यात लिहिलंय की १२ तारखेपासून मी विनापरवानगी गैरहजर आहे, ४८ तासांत हजर व्हावं, नाहीतर स्वेच्छेने नोकरी सोडली असं समजण्यात येईल. पत्र हातात पडलं तेव्हा ४८ तास उलटून गेले होते. काल फोन: राजीनामा लिहून द्या, ग्रॅच्युइटी आणि वर दोन महिन्यांचा पगार लगेच मिळेल, नाहीतर कोर्टाच्या पायऱ्या झिजवत बसाल.

आमच्याकडे युनियन नाही. कायम कामगार ३८, बाकी सगळे ठेक्यावर. माझ्यासाठी कोणी सही करणार नाही आणि मी मागणारही नाही, त्यांनाही घरं आहेत. तर एकट्या माणसाच्या भांडणाला कायद्यात जागा आहे का?

आणि एक. स्टोअरच्या कुलपाच्या दोन किल्ल्यांपैकी एक माझ्या पर्समध्येच राहिली आहे. तिचं काय करू?

बिनधास्त_बाळू | २४ जून २०२३

ताई, कडू वाटेल पण सांगतो. युनियन नसेल तर लेबर कोर्ट दारात उभं करत नाही. एकट्याचं भांडण म्हणजे औद्योगिक विवाद नव्हेच. आमच्या मेव्हण्याला हेच ऐकवून परत पाठवलं होतं. पैसे घ्या आणि मोकळ्या व्हा.

जुना_टर्नर | २४ जून २०२३

बाळूभाऊ, तुम्ही सांगताय ते १९६५ पर्यंत खरं होतं. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात एकट्या कामगाराला काढलं तर तो वाद 'औद्योगिक' ठरायला युनियनने किंवा बऱ्याचशा कामगारांनी तो उचलून धरावा लागायचा. मग १९६५ साली कलम २अ घातलं गेलं. बडतर्फी, सेवासमाप्ती, नोकरकपात, कुठल्याही नावाने एकट्याला काढलं तरी तो औद्योगिक विवादच, मागे एकही माणूस उभा नसला तरी. तरीसुद्धा सरकारकडून 'रेफरन्स' व्हावा लागायचा, म्हणजे सरकारने तो वाद कोर्टाकडे पाठवावा लागायचा, त्यात माझी स्वतःची दीड वर्षं गेली. २०१० च्या दुरुस्तीने तेही गेलं. समेट अधिकाऱ्याकडे (दोघांत तडजोड करून बघणारा सरकारी अधिकारी) अर्ज देऊन ४५ दिवस झाले की कामगार स्वतः थेट कामगार न्यायालयात जाऊ शकतो. मुदत काढल्यापासून तीन वर्षं. मेव्हण्यांना कोणी परत पाठवलं असेल तर त्याने जुनं पुस्तक वाचलं होतं.

आता ताई, कलमं राहू द्यात बाजूला. आज रात्री एक पत्र लिहा.

साध्या भाषेत. मी १२ जूनला नेहमीच्या वेळी कामावर आले, वॉचमनने आत सोडलं नाही, अमुक वाजता एचआरला फोन केला, त्यांनी घरी थांबायला सांगितलं. आपलं १७ तारखेचं पत्र मला २२ ला मिळालं, त्यातला मजकूर खोटा आहे. मी नोकरी सोडलेली नाही, आजही कामावर यायला तयार आहे, मला आत घ्या. बस्स. शिव्या नकोत, अकरा वर्षांची निष्ठा नको, घरची अडचण नको. रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि ईमेलही करा. आणि सोमवारी परत गेटवर जा. सोडलं नाही तर तिथे उभं राहूनच एचआरला मेसेज टाका, म्हणजे वेळ आपोआप नोंदली जाते. तीन-चार दिवस हेच करा. कंटाळवाणं आहे, पण करा.

एवढा आग्रह का, ते माझ्यावरून सांगतो. २००४ साली मलाही असंच तोंडी काढलं. मी रागाने घरी बसलो, सात महिने एक ओळ लिहिली नाही. कोर्टात कंपनीच्या वकिलाने एकच प्रश्न घोळवला: "तुम्हाला काढलं होतं तर सात महिने गप्प का होतात?" काढलं असं म्हणणाऱ्यानेच ते दाखवायचं असतं. त्या एका प्रश्नाने माझी केस दोन वर्षं तरी लांबवली असेल.

'नोकरी सोडली असं समजण्यात येईल' याला घाबरू नका. डी. के. यादव यांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये निकाली काढलं, ते वाचाच. त्यांचंही म्हणणं हेच की रोज कामावर येत होतो, गेटवर अडवत होते. कंपनीने स्थायी आदेशांतला (कारखान्याच्या सेवानियमांतला) नियम दाखवला, आठ दिवसांहून जास्त गैरहजर म्हणजे नोकरी आपोआप संपली. कोर्टाने सांगितलं, म्हणणं ऐकून न घेता आणि चौकशी न करता असं नाव कमी करता येत नाही. परत कामावर घ्या आणि निम्मा मागचा पगार द्या.

किल्ली ठेवू नका. ठेवलीत तर उद्या स्टॉक कमी भरेल आणि चोरी तुमच्या नावावर पडेल. पण वॉचमनच्या हातात नुसती देऊनही टाकू नका, तिकडे त्याचं 'हिशेब देऊन गेल्या' होईल. दोन माणसांसमोर पाकिटात घाला, फोटो काढा, सोबत चिठ्ठी: मला आत घेत नसल्यामुळे किल्ली पोस्टाने पाठवत आहे, याचा अर्थ मी काम सोडलं असा नाही. 'घेण्यास नकार' असा शेरा पडून परत आलं तर पाकीट फोडू नका. बरोबर पत्त्यावर रजिस्टरने पाठवलेलं, नाकारलं तरी पोचलंच असं कोर्ट धरून चालतं.

मनुष्यबळी | २५ जून २०२३

मी पंधरा वर्षं एचआरमध्ये आहे, म्हणजे इथे शत्रूपक्षच. तरी दोन आकडे ठेवते.

ग्रॅच्युइटी ही त्यांची मेहेरबानी नाही. १९७२ च्या कायद्याने पाच वर्षांनंतर ती तुमचीच, राजीनामा द्या नाहीतर काढून टाकोत. १३,००० भागिले २६ गुणिले १५, म्हणजे वर्षाला ७,५००. अकरा वर्षांचे ८२,५००. ते 'देऊ' म्हणतायत त्यातून हे वजा करा, उरतात दोन पगार, ३४,८००. आता नोकरकपात म्हणून रीतसर काढलं असतं तर औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम २५फ प्रमाणे महिन्याची नोटीस किंवा पगार, १७,४००, आणि दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार, ढोबळ ८,७०० गुणिले ११, म्हणजे ९५,७००. दोन्ही मिळून १,१३,१००. ग्रॅच्युइटी वेगळी. आणि हे पैसे काढतानाच द्यावे लागतात, नाहीतर ती कपात कायद्यात टिकत नाही. तडजोडच करायची झाली तर ३४,८०० पासून सुरुवात करू नका एवढंच.

दुसरं, 'सुपरवायझर' ही चिठ्ठी. आमच्या धंद्यातली जुनी युक्ती आहे ही, लाज वाटते पण आहे. कायद्यात देखरेखीचं काम करणारा आणि १०,००० च्या वर पगार असलेला 'कामगार' धरला जात नाही. म्हणून पदनाम फुगवून ठेवतात. पण न्यायालय बघतं हाताने काय करता ते, दारावरची पाटी नाही. तुम्ही कोणाची रजा मंजूर करता? कोणाला काम वाटून देता? कोणाला मेमो दिलाय? नसेल तर बिन कार्डांवरचं तुमचं अक्षर हाच तुमचा पुरावा.

कीबोर्डकामगार | २५ जून २०२३

अवांतर: हे आयटीवाल्यांना पण लागू होतं का? आमच्याकडे सगळेच 'लीड' आणि 'मॅनेजर' आहेत, हाताखाली माऊस सोडून कोणी नाही.

मनुष्यबळी | २५ जून २०२३

माऊस रजा मागत नसेल तर दावा करून बघा. तांत्रिक काम कामगाराच्या व्याख्येत आहेच. तुमच्यासाठी वेगळा धागा काढा ना, ताईंचा भरकटेल.

स्टोअरवाली | २६ जून २०२३

पत्र आज रजिस्टरने गेलं, किल्लीचं पाकीट वेगळं. शेजारच्या काकूंनी आणि त्यांच्या मुलाने सह्या केल्या. गेटवरही जाऊन आले, वॉचमनने नुसतं "नका येऊ ताई, माझी नोकरी जाईल" म्हटलं. त्याच्याकडून काही लिहून घ्यायचं होतं ते मी सोडून दिलं.

एचआरच्या ताईंचे आकडे वहीत उतरवून घेतले. रात्रभर तेच डोळ्यांसमोर होते.

टर्नर काका, ती यूएलपी म्हणतात ती काय? इथे एकाने सांगितलं २अ नको, यूएलपी टाका. आणि वकिलाला पैसे कुठून आणू?

जुना_टर्नर | २६ जून २०२३

वॉचमनचं सोडलंत ते बरं केलंत. गेट रजिस्टर कोर्ट मागवू शकतं, त्याच्या सहीची गरज नाही.

यूएलपी म्हणजे महाराष्ट्राचा स्वतःचा १९७१ चा कायदा, अनुचित कामगार प्रथांचा. पूर्ण नावात 'कामगार संघांना मान्यता' असंही आहे म्हणून लोकांना वाटतं युनियनच लागते. लागत नाही, एकटा कामगारही तक्रार करू शकतो. त्याच्या चौथ्या परिशिष्टातली पहिली बाब तुमच्यासाठीच लिहिल्यासारखी आहे: सूडबुद्धीने काढणं, उघड खोट्या कारणाने काढणं, चौकशीत न्यायाची साधी तत्त्वंही न पाळणं. ५ जूनचा पीएफचा अर्ज आणि १२ जूनचं गेट, मधे फक्त सात दिवस. तो शिक्का मारलेला कागद लॅमिनेट करू नका, पण जिवापाड जपा.

फायदा असा की निकालाआधीच अंतरिम आदेश मागता येतो. तोटा असा की नुसतं 'बेकायदा काढलं' एवढं पुरत नाही, त्यामागची अनुचित प्रथा सिद्ध करावी लागते. आणि मुदत फक्त ९० दिवस. १२ जूनपासून मोजलं तर १० सप्टेंबर, तो रविवार आहे, त्यामुळे त्याच्या भरवशावर राहूच नका. एक रस्ता धरला की त्याच गोष्टीसाठी दुसरा बंद होतो, कलम ५९. माझं विचाराल तर तुमचा कागद पक्का आहे, यूएलपी टाका.

वकिलाचं म्हणाल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. बाईमाणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, १९८७ च्या कायद्यात तसं आहे, औद्योगिक कामगारालाही आहे. तुम्ही दोन्हीकडून बसता. तिथे रांग असते, कागदांची फाईल तारखेप्रमाणे लावून न्या. तुम्हाला हे मी काय सांगणार म्हणा.

पोटापाण्याचं. मधल्या काळात काम मिळालं तर करा, कोणी अडवत नाही. पण लपवू नका. मागचा पगार मागायचा तर 'या काळात माझं दुसरं काम नव्हतं' हे कामगाराने सांगावं लागतं. तसं सांगितलं की खोडून काढण्याचं ओझं मालकावर जातं, हे दीपाली गुंडू सुरवसे यांच्या २०१३ च्या निकालात स्पष्ट झालं. मी मेव्हण्याच्या गाळ्यात चौदा महिने लेथ चालवली होती. उलटतपासणीत विचारलं तेव्हा सांगून टाकलं. मागच्या पगारात काट बसली, ४० टक्केच मिळाले. पण बाकीचं सगळं खरं धरलं गेलं.

बिनधास्त_बाळू | २६ जून २०२३

काका, मी चुकलो, मान्य. पण तुम्ही शेवटी किती वर्षं घातलीत तेही सांगा ना. ताईंना कळू देत.

जुना_टर्नर | २६ जून २०२३

दहा. २००४ ते २०१४, उच्च न्यायालय धरून. कंपनी वर गेली तेव्हा औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम १७ब खाली शेवटच्या पगाराइतकी रक्कम दरमहा मिळत होती म्हणून टिकलो, नाहीतर मीही सही करून मोकळा झालो असतो. परत गेलो तेव्हा माझं लेथ भंगारात गेलेलं. त्या जागी सीएनसी, त्यावर माझ्या मुलाच्या वयाचा पोरगा. मला धातूच्या कडांवरचे बर काढायला बसवलं. पाच वर्षं कानस घासली आणि २०१९ ला निवृत्त झालो. निकालात 'सेवेची सलगता' हे दोन शब्द होते, त्यामुळे ग्रॅच्युइटी १९८८ पासून मोजली. पहिल्या वर्षी बायको म्हणाली होती घ्या ते पैसे. तिचं चूक होतं असं मी आजही म्हणणार नाही.

स्टोअरवाली | ६ सप्टेंबर २०२३

काल तक्रार दाखल झाली. वकीलबाई प्राधिकरणाकडूनच मिळाल्या, तरुण आहेत, प्रश्न फार विचारतात. जुलैत पीएफ कार्यालयाच्या पोर्टलवर तक्रार टाकली होती, तर तिन्ही महिन्यांचे पैसे एकाच दिवशी जमा झाले! साहेबांना म्हणे 'तांत्रिक अडचण' होती.

सध्या एका शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी करते, अर्धा दिवस. वकीलबाईंना सांगितलंय, लिहूनही दिलंय.

स्टोअरवाली | १९ जानेवारी २०२४

अंतरिम अर्ज फेटाळला. कोर्टाचं म्हणणं, काढलं की सोडलं हे पुराव्याशिवाय आत्ताच ठरवता येणार नाही. घरी आले आणि कोणाशी बोलले नाही. दोन दिवसांनी हे लिहिते आहे. कंपनीने कैफियतीत दोन गोष्टी म्हटल्यात: बाई सुपरवायझर होत्या, आणि स्वतःच्या मर्जीने यायच्या थांबल्या.

जुना_टर्नर | १९ जानेवारी २०२४

माझाही फेटाळला होता. मूळ तक्रार उभी आहे ना, मग तारखा चुकवू नका.

नवशिका_कामगार | ८ डिसेंबर २०२५

धागा वर काढतोय, माफ करा. आता नवीन कामगार संहिता लागू झाल्यात, मग हे २अ वगैरे अजून आहे का? मला ऑक्टोबरमध्ये काढलंय.

जुना_टर्नर | ९ डिसेंबर २०२५

औद्योगिक संबंध संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि १९४७ चा कायदा तिच्या पोटात गेला. पण एकट्याला काढलं तर तो औद्योगिक विवाद, हे त्यात व्याख्येतच घातलंय, ते गेलेलं नाही. बदललं ते हे: समेट अधिकाऱ्याकडे जायला आता दोन वर्षं, तीन नाहीत. कामगार न्यायालयाच्या जागी दोन सदस्यांचं औद्योगिक न्यायाधिकरण, त्यातला एक न्यायिक, एक प्रशासकीय. सुपरवायझरच्या पगाराची मर्यादा १८,०००. वीस किंवा जास्त कामगार असतील तिथे तक्रार निवारण समिती हवीच, एकटा कामगार तिच्याकडेही जाऊ शकतो. संहितेने रद्द केलेले कायदे तीन, राज्याचा १९७१ चा त्या यादीत नाही. तुम्हाला ऑक्टोबरमध्ये, म्हणजे संहिता लागू होण्याच्या आदल्या महिन्यात काढलंय, तेव्हा यूएलपीचे ९० दिवस डिसेंबरअखेर किंवा जानेवारीत संपतील. इथे वाचत बसू नका, याच आठवड्यात वकिलाकडे जा.

स्टोअरवाली ताई, तुमचं काय झालं?

स्टोअरवाली | १४ डिसेंबर २०२५

काका, निकाल नाही अजून. पण सांगण्यासारखं आहे.

माझी उलटतपासणी दोन तारखांना झाली. 'सुपरवायझर' वर बराच वेळ गेला. वकीलबाईंनी कंपनीकडून मागवलेली बिन कार्डं पुढे ठेवली, चार वर्षांची, प्रत्येक ओळ माझ्या अक्षरात. बाई म्हणाल्या, स्वतःच सगळं लिहिणारी ही देखरेख कोणावर करत होती?

मग कंपनीचे साक्षीदार, एचआरचे साहेब. ते म्हणाले, बाई १२ तारखेला आल्याच नाहीत, आम्हाला आश्चर्य वाटलं, आम्ही वाट पाहिली. मला घरी बसल्याबसल्या एक सुचलं होतं. किल्ली माझ्याकडे होती आणि पुढच्या आठवड्यात ठेकेदाराचा माणूस भेटला तेव्हा बोलता बोलता म्हणाला होता की स्टोअरला नवीन कुलूप आहे. कारखान्यात कुलूप आलं म्हणजे ते कोणी तरी विकत आणलं, कोणी तरी व्हाउचर केलं, कोणी तरी आत घेतलं. मी नाही तर दुसऱ्या कोणी. वकीलबाईंनी जून २०२३ ची किरकोळ खर्चाची व्हाउचरं मागवायचा अर्ज दिला. तीन तारखांनी ती आली.

कुलूप आहे त्यात. एक नग, सात लिव्हर, वापर: मुख्य स्टोअर. बिलाची तारीख १० जून, शनिवार. त्या शनिवारी मी संध्याकाळी साडेपाचपर्यंत त्याच स्टोअरमध्ये होते, आणि माझ्या हजेरीची नोंद त्यांच्याच पंचिंग मशीनवर आहे.

साहेबांना विचारलं, सोमवारी बाई येणारच नाहीत हे शनिवारी कसं कळलं? ते म्हणाले, "नेहमीची देखभाल." न्यायाधीशांनी तेवढं लिहून घेतलं.

पुढची तारीख २१ जानेवारी, युक्तिवाद. किल्लीचं पाकीट २०२३ मध्येच 'घेण्यास नकार' म्हणून परत आलं होतं. फोडलेलं नाही. वकीलबाईंनी सांगितलंय त्या दिवशी बरोबर आणा.